कुऱ्हाडीचा दांडा

रमजानचा चांद दिसला की आमच्या वस्त्यांमध्ये दरवर्षी एक गोष्ट घडते आणि तिच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. अकरा महिने पिणारा माणूस तीस दिवस पीत नाही. पहाटे सहरीला उठतो, जमातीत पहिल्या सफात उभा राहतो, इफ्तारनंतर नाक्यावर न जाता तरावीहला जातो. घरातली बाई हे सगळं बघत असते आणि बोलत काही नाही. शेजारपाजारचे म्हणतात, 'सुधारला बिचारा.' तिला मात्र एकोणतिसावा रोजा उजाडला की धडधड सुरू होते, कारण चांदरातीला काय होतं ते तिने मागच्या चार वर्षांत चार वेळा पाहिलेलं असतं.

(जाता जाता एक सांगून टाकते, कारण हे पान अनेक घरांत वाचलं जातं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत दारू बंद केली तर हातपाय थरथरणं, झटके, भ्रम असे त्रास होऊ शकतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. अशा माणसाने रमजानची नियत जरूर करावी, पण आधी डॉक्टरला भेटून.)

हे तीस दिवस जमतात कसे? श्रद्धा आहेच, ती मी कमी लेखत नाही. पण नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. रमजान माणसाचा दिवस भरून टाकतो. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत कुठे असायचं, कुणासोबत असायचं, काय करायचं हे ठरलेलं असतं. नुसता तो एकटाच नाही, अख्खा मोहल्ला त्याच वेळापत्रकावर चालतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी हे वेळापत्रक निघून जातं. मोहल्ला आपापल्या कामाला लागतो. ज्याला काम नाही तो तसाच उरतो, आणि त्याच्यासमोर सकाळपासून रात्रीपर्यंतचा रिकामा दिवस असतो.

व्यसनमुक्तीबद्दल आपण बोलतो तेव्हा सगळं बोलणं 'सोडण्या'वर असतं. सोडल्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तो माणूस काय करणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आज मला तोच विचारायचा आहे.

आधी प्रश्न केवढा मोठा आहे ते पाहू. दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, आणि दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे ५ कोटी ७० लाख. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते. दाखल होऊन उपचार १८० मध्ये एकाला. म्हणजे व्यसनमुक्ती केंद्राच्या दारापर्यंत पोहोचणं हीच आपल्याकडे लॉटरी. आणि ज्याला ही लॉटरी लागते, जो महिना-सवा महिना राहून बाहेर पडतो, त्याच्या हातात आपण काय ठेवतो? गोळ्यांची चिठ्ठी, फॉलो-अपची तारीख आणि 'आता सांभाळून राहा.'

कोपरीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा थोरला भाऊ आहे. नाव लिहीत नाही. टर्नर. वागळे इस्टेटच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर होता, हात चांगला होता. आधी पगाराच्या दिवशी, मग आठवड्याला, मग रोज. नोकरी गेली, मग दुसरी गेली, मधली चार वर्षं धुक्यात गेली. केंद्रात राहून आला, त्याला सात-आठ महिने झाले होते तेव्हा बहीण त्याला माझ्याकडे घेऊन आली. 'मॅडम, दादाचा बायोडाटा जरा नीट करून द्या.' तो समोर बसला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, आणि त्याने एकच प्रश्न विचारला: 'मधल्या चार वर्षांत काय केलं असं त्यांनी विचारलं, तर मी काय लिहू?'

मी कॉलेजात शिकवते. दहावी-बारावीनंतर काय, बी.कॉम.नंतर काय, याची माहिती आमच्याकडे ढिगाने असते. करिअर मार्गदर्शनाचे फलक उन्हाळ्यात कोपरी पुलापासून स्टेशनपर्यंत लागलेले असतात. त्यांतला एकही फलक या चौतीस वर्षांच्या माणसासाठी नाही. आपल्या कल्पनेत करिअर सोळाव्या वर्षी निवडायचं असतं, आणि एकदाच.

हदीसच्या ग्रंथांत, अबू दाऊदच्या संग्रहात, एक किस्सा आहे. रमजानच्या बयानांत तो बहुतेक वेळा भीक मागणं कसं वाईट एवढं सांगण्यासाठी वापरला जातो. मला त्यात वेगळंच दिसतं. मदीनेचा एक गरीब अन्सारी पैगंबरांकडे (स.) मागायला आला. त्यांनी त्याला आधी विचारलं, तुझ्या घरात काय आहे? तो म्हणाला, एक जाडंभरडं कापड आहे, अर्धं पांघरतो, अर्धं अंथरतो. आणि पाणी प्यायचं एक लाकडी भांडं. ते त्यांनी आणायला लावलं. तिथेच बोली लावली. एकाने एक दिरहम म्हटलं, आणखी कोण देतो असं विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिले. ते दोन दिरहम त्या माणसाच्या हातात ठेवून सांगितलं, एकाचं घरच्यांसाठी खायला घे, दुसऱ्याची कुऱ्हाड घेऊन ये. त्याने कुऱ्हाडीचं पातं आणलं. पैगंबरांनी स्वतःच्या हाताने त्याला दांडा बसवला. म्हणाले, जा, लाकडं तोड, वीक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. पंधरा दिवसांनी तो आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम जमले होते.

मराठीत कुऱ्हाडीचा दांडा बदनाम आहे, गोतास काळ म्हणून. या किश्शात तो उलटा आहे. आणि तपशील बघा. पहिला प्रश्न 'तुला काय हवं' हा नाही, 'तुझ्याकडे काय आहे' हा आहे. भांडवल बाहेरून दिलेलं नाही, त्याचंच आहे. बाजारात त्याला दुप्पट भाव मिळवून दिला आहे. पहिला दिरहम पोटासाठी, कारण उपाशी घर पाठीशी असेल तर कुणी धंदा शिकत नाही. मग हत्यार. मग काम कोणतं ते नेमकं सांगितलेलं. आणि शेवटी मुदत, पंधरा दिवस, जिच्यानंतर भेट ठरलेली. आजच्या भाषेत ज्याला व्यावसायिक पुनर्वसन म्हणतात त्याची सगळी अंगं यात आहेत. आपण मात्र यातला फक्त पहिला दिरहम उचलला आहे. रमजानमध्ये रेशनचे किट वाटतो. तेल, साखर, शेवया, खजूर. कुऱ्हाड वाटत नाही, आणि दांडा बसवायला तर कुणालाच वेळ नाही.

महाराष्ट्रात यावर काम झालेलं नाही असं अजिबात नाही. उलट व्यसनमुक्तीच्या बाबतीत मराठी समाजाने देशाला दाखवावं असं काम केलं आहे. अनिल अवचटांनी ब्राउन शुगरच्या विळख्यातल्या मुलांवर 'गर्द' ही लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. चालवलं ते डॉ. अनिता अवचट यांनी. मुक्तांगणची मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिथले अनेक समुपदेशक आणि कार्यकर्ते एकेकाळी तिथेच रुग्ण होते. जो माणूस बाहेर कुणी दारात उभा करणार नाही, त्याच्या हातात किल्ल्या देण्याचं धाडस त्यांनी केलं. त्याही आधी, १९८१ साली, वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. तिथेही हीच रीत. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा तर पायाच तो, एका दारुड्याने दुसऱ्याचा हात धरायचा.

पण इथे एक अडचण आहे. बरा झालेला प्रत्येक माणूस समुपदेशक होऊ शकत नाही, आणि होऊही नये. कुणाला गाडी चालवायची असते, कुणाला बेकरी टाकायची असते. माझ्या समोरच्या टर्नरला परत लेथवर उभं राहायचं होतं, लोकांना आपली कहाणी सांगत हिंडायचं नव्हतं. 'व्यसनातून बाहेर आलास ना, मग आता व्यसनमुक्तीचं काम कर' हा सल्ला मनापासून दिलेला असतो, पण तो माणसाला जन्मभर त्याच एका गोष्टीशी बांधून ठेवतो. शिवाय केंद्रात किती जागा असणार?

आमच्या ठाण्याजवळ तर याचं उत्तर अर्धंअधिक तयार आहे. डॉ. आनंद नाडकर्णी मुक्तांगणच्या कामाशी वर्षानुवर्षं जोडलेले. १९९० साली त्यांनी ठाण्यात 'आयपीएच' ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली. आणि याच संस्थेची 'वेध' ही व्यवसाय परिषद, जिथे तऱ्हेतऱ्हेच्या क्षेत्रांतली माणसं मुलांसमोर येऊन आपण काय काम करतो, त्या कामात मजा काय आहे हे सांगतात. माझे कित्येक विद्यार्थी तिथे जाऊन आले आहेत. म्हणजे व्यसनाचं शास्त्र आणि करिअरची दिशा, हे दोन्ही या एका शहरात, एकाच छपराखाली अनेक वर्षं आहेत. मला एवढंच सुचवायचं आहे की या दोन दालनांमधलं दार आपण, म्हणजे शहराने, मोठं करायला हवं. तीस-पस्तिशीतल्या, एकदा आयुष्य घसरलेल्या माणसांसाठी एक छोटा 'वेध' व्हावा. त्यात वक्ते आयएएस अधिकारी नकोत. कंप्रेसर दुरुस्त करणारा, इस्त्रीचं दुकान टाकलेला, सोसायट्यांची प्लंबिंगची कामं घेणारा, असे चालतील.

आता त्या बायोडाटाकडे येते. मधल्या चार वर्षांचं काय लिहायचं?

खोटं लिहू नये, हे मी त्याला सांगितलं. वागळे इस्टेट लहान आहे, एक फोरमन दुसऱ्याला ओळखतो. पण सगळं कागदावर मांडायचीही गरज नाही. मी लिहून दिलं: 'आजारपणामुळे खंड, उपचार पूर्ण, कामासाठी तंदुरुस्त.' ही पळवाट नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्थाही येतात. कायदा याला आजार म्हणतो, आपण चारित्र्य म्हणतो, एवढाच फरक. मुलाखतीत विचारलं तर खरं सांगायचं, दोन वाक्यांत, रडगाणं न गाता. आणि लगेच पुढचं वाक्य लेथबद्दल.

ज्यांच्यावर अमली पदार्थांची केस आहे त्यांचं दुखणं वेगळं. रिक्षाचा बॅज काढायचा तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते, आणि रिक्षा हा तर आपल्याकडे बेकार तरुणाचा हमखास आसरा. एनडीपीएस कायद्यात, १९८५ च्या, कलम ६४अ आहे: निव्वळ सेवनाचा किंवा थोड्या साठ्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. हे कलम किती आई-बापांना माहीत असतं? मेफेड्रोन, म्हणजे पोरं ज्याला एमडी म्हणतात ते, २०१५ साली या कायद्याखाली आलं. त्यानंतर पकडली गेलेली, तेव्हा अठरा-वीस वर्षांची असलेली मुलं आज तिशीच्या आसपास आहेत. लग्नाच्या आणि नोकरीच्या बाजारात उभी आहेत.

मग काम कोणतं? इथे खरा करिअर सल्लागार लागतो, आणि तो व्यसनाचा जाणकार असावा लागतो. कारण नेहमीचा सल्लागार विचारेल, पगार किती, बढती कशी. या माणसाबाबत आधी विचारावं लागतं: त्या कामात रात्रपाळी आहे का? पगार रोज रोख मिळतो की महिन्याला खात्यात? जुनी मंडळी तिथेच आहेत का? कामाच्या वाटेवर काय लागतं? भिवंडीच्या लूमवर बारा बारा तासांच्या पाळीत जागं राहण्यासाठी काही ना काही तोंडात टाकायची सवय लागलेला मुलगा बरा होऊन परत त्याच लूमवर गेला, तर त्याच्या बरं होण्याला किती दिवसांचं आयुष्य असणार? लग्नांच्या केटरिंगमध्ये, परमिट रूममध्ये, लांब पल्ल्याच्या ट्रकवर, औषधांच्या गोदामात, एकट्याने रात्र काढायच्या वॉचमनकीत पहिल्या वर्षी पाठवू नये. हे अनुभवी समुपदेशक पोटतिडकीने सांगतात. आणि घरचे नेमकं तिथेच चिकटवतात, कारण ओळख तिथेच असते.

दुसरं म्हणजे, एक पायरी खालचं काम घ्यायची तयारी. झोप, भूक, एकाग्रता, हाताची स्थिरता हे सगळं परत यायला महिने लागतात. पूर्वी सुपरवायझर असलेल्याने पुन्हा मदतनीस म्हणून उभं राहायचं, वर धाकट्या भावाच्या वयाचा पोरगा हुकूम सोडणार. हे गिळणं दारू सोडण्यापेक्षा कठीण जातं असं मला एकापेक्षा अधिक लोकांनी सांगितलं आहे. आणि तिसरं, पगाराचा दिवस. हातात पैसे येणं हाच कित्येकांचा धोक्याचा क्षण असतो. पहिले सहा महिने पगार पत्नीच्या किंवा आईच्या संमतीने, त्याच्याही संमतीने, जोडखात्यात जाणं, हे अपमानास्पद नाही. पाय मोडलेल्याला काठी देतो तसंच ते आहे. पण ते त्याच्या पाठीमागे ठरवू नये.

काही वक्ते टाळ्या मिळवायला म्हणतात, की नशेच्या पैशांसाठी जो माणूस अख्खं शहर पालथं घालतो तो मार्केटिंगमध्ये चमकेल. ऐकायला छान आहे. माझा अशा वाक्यांवर विश्वास नाही. त्या माणसाला खरंच काय येतं हे बसून, कागदावर, तासभर विचारावं. घरात काय आहे? कापड आहे, भांडं आहे. बहुतेकांच्या घरात काहीतरी निघतं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. 'मॅडम, ज्याने आयुष्यात सिगारेटला हात लावला नाही असा पोरगा बेकार बसलाय. त्याला सोडून बेवड्याला नोकरी द्यायची? मग सरळ राहण्यात काय फायदा?' हे एका कारखानदाराने मला तोंडावर विचारलं. मी त्यांना म्हटलं, त्याला सोडून नका देऊ. जागा एकच असेल तर ज्याचा हात चांगला त्याला द्या. पण अर्जावर 'खंड' दिसला की कागद बाजूला टाकू नका, एवढंच मागते आहे. दुसरं असं की हा माणूस बेकार राहिला तर त्याची किंमत कोण भरतं? त्याची बायको, त्याची मुलं, शेजारी, पोलीस, सरकारी इस्पितळ. त्या सरळ पोराचा बापही कदाचित तोच असतो.

आणि घसरला तर? घसरण्याची शक्यता असतेच, ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणून मालकाला एकटं सोडून चालत नाही. अमेरिकेत मानसिक रुग्णांसाठी एक पद्धत विकसित झाली: आधी नोकरी मिळवून द्यायची, प्रशिक्षण कामावरच, आणि रोजगार सल्लागार हा उपचार करणाऱ्या चमूचाच भाग, नोकरी लागल्यावरही तो माणसाच्या आणि मालकाच्या संपर्कात राहतो. इंग्लंडने २०१८ पासून ती दारू आणि ड्रग्जमधून बाहेर येणाऱ्यांसाठी मोठ्या प्रमाणावर करून पाहिली. नोकरीला लागणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. फार नाही, पण वाढलं. दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोच्या डिलान्सी स्ट्रीटचं, १९७१ पासूनचं. तिथे तुरुंगातून आणि नशेतून आलेली माणसं किमान दोन वर्षं एकत्र राहतात, आणि सामान हलवण्याच्या कंपनीसारखे धंदे स्वतः चालवतात. मला पहिली पद्धत ठाण्यासाठी जास्त जवळची वाटते. आपल्याकडे माणूस घरापासून दोन वर्षं दूर ठेवणं परवडत नाही, आणि बंद दारांआड 'कामातून उपचार' म्हणत फुकट राबवून घेणारी ठिकाणं निघायला वेळ लागत नाही. ज्या केंद्रात रुग्णाकडून महिनोन्महिने मजुरीचं काम करून घेतात आणि हिशेब दाखवत नाहीत, तिथून आपला माणूस उचलून आणावा.

सरकारी कागदावर बरंच काही आहे. अमली पदार्थांची मागणी घटवण्याच्या २०१८ च्या राष्ट्रीय आराखड्यात व्यसनातून बाहेर आलेल्यांसाठी कौशल्य प्रशिक्षण आणि उपजीविकेची तरतूद सांगितली आहे. आयटीआयला कमाल वयाची अट नाही, हे आमच्या वस्तीत दहा जणांना विचारा, नऊ जणांना माहीत नसतं. त्यांना वाटतं तो दहावीतल्या पोरांचा मामला. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, चर्मकार, धोबी अशा अठरा हस्तव्यवसायांसाठी थोड्या दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत आहे. बघा, कुऱ्हाड इथेही आहे. फक्त ती घ्यायला आधार, बँक खातं, मोबाइल नंबर सुरळीत लागतो, आणि चार वर्षं धुक्यात घालवलेल्या माणसाचे नेमके हेच तीन बिघडलेले असतात. त्याचं सिम बंद, खातं थकलेल्या हप्त्यांमुळे अडकलेलं. या कागदांच्या मागे त्याच्यासोबत चार दिवस फिरणं म्हणजे दांडा बसवणं.

आणि जकात. साहेब-ए-निसाब मुसलमान आपल्या शिलकीचा चाळिसावा हिस्सा काढतो, आणि बहुतेक जण तो रमजानमध्ये देतात. कोकण आणि ठाण्याचे कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे. याच मजहबाचे तेराव्या शतकातले थोर इमाम नववी यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे की कारागिराला जकात देताना त्याच्या हुन्नराची अवजारं घेता येतील एवढी द्यावी, मग ती स्वस्त असोत की महाग. म्हणजे शिलाई मशीन, ड्रिल, वेल्डिंगचा सेट जकातीतून देणं ही कुणा आधुनिक मंडळींची टूम नाही. कर्जबाजारी माणूस तर जकातीच्या आठ हकदारांमध्येच आहे. नशेपायी झालेल्या कर्जाला द्यायची का, यावर फकीहांमध्ये मतभेद आहेत. तौबा केलेल्याला देता येते असं मानणारे आहेत. आपल्या इमामसाहेबांना विचारा. पण विचारा तरी. दरवर्षी दीडशे किट वाटणाऱ्या एखाद्या मंडळाने यंदा शंभर वाटले आणि उरलेल्या पैशांत दोघांना अवजारं घेऊन दिली, तर कुणाचा रोजा मकरूह होणार नाही.

हे फक्त जकातीवाल्यांपुरतं नाही. कोपरी कॉलनी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवली. हातात काही नसताना पुन्हा पहिल्यापासून धंदा उभा करणं म्हणजे काय, हे इथल्या अनेक घरांत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आहे. इथे गुरुद्वारे, मंदिरं, गणेशोत्सव मंडळं, कोळीवाड्याच्या पंचायती, लघुउद्योजक, सगळे हाकेच्या अंतरावर आहेत. पाच छोट्या मालकांनी वर्षाला एक एक माणूस घ्यायचं ठरवलं तरी पाच घरं झाली.

बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे थोडक्यात. व्यसन बाईलाही जडतं, आणि ती केंद्रात गेली हे कळलं तर परत येताना तिला घरच उरत नाही, नोकरी दूरच. मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग काढला तो याचसाठी. आणि ज्याच्या पायी घर बुडालं त्याची पत्नी: तिच्या हाताला काम मिळवून देणं हेही व्यसनमुक्तीचंच काम आहे. कित्येकदा तेच आधी करावं लागतं.

तो टर्नर आता कोपरी पुलाच्या पलीकडे एका वर्कशॉपमध्ये आहे. पगार जुन्यापेक्षा कमी आहे. मालक मराठी, त्यांच्या स्वतःच्या घरात दारूने एक माणूस गेलेला, म्हणून बहुधा त्यांनी खंड वाचूनही कागद बाजूला टाकला नाही. गुरुवारी संध्याकाळी मीटिंगसाठी त्याला तासभर आधी सोडतात, तो तास शनिवारी भरून देतो. मध्ये एकदा तीन दिवस आला नाही. मालकाने बहिणीला फोन केला, बहिणीने समुपदेशकाला. चौथ्या दिवशी तो परत मशीनवर होता. त्या तीन दिवसांचा पगार कापला, नोकरी राहिली.

ज्यांना आज घरात कुणासाठी मदत हवी आहे त्यांच्यासाठी: केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची विनाशुल्क हेल्पलाइन १४४४६ आहे. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात, अर्ज ऑनलाइन भरावे लागतात. आमच्या कॉलेजातल्या आम्ही काही शिक्षकांनी ठरवलं आहे की ईदनंतरच्या पंधराव्या दिवसापासून दर रविवारी सकाळी दोन तास कोपरीत बसायचं. बायोडाटा, आधार-खात्याचे अर्ज आणि अवजारांच्या योजनेची कागदपत्रं, एवढंच काम. जागा अजून नक्की व्हायची आहे. ज्यांच्याकडे खोली आणि दोन टेबलं असतील त्यांनी संपादकांमार्फत कळवावं.